रापण संपते, गरी संपत नाही

बंदरावरच्या टपरीला जुलैत गिऱ्हाईक जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या, आणि पावसामुळे पारावर बसता येत नाही म्हणून सगळा कट्टा टपरीच्या पत्र्याखाली सरकलेला. परवा तिथे रापणकार, म्हणजे काठावरून मोठं जाळं ओढणारे, आबा होते, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले तात्या होते, हायस्कुलात गणित शिकवणारे मास्तर होते, मोबाइल दुरुस्तीवाला बाबू होता, आणि गाडीची वाट बघत थांबलेल्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक ताई. पोरांच्या फोनच्या व्यसनावरचा वाद तासभर चालला, एकदा चांगलाच तापला. आठवला तसा उतरवला आहे.

सुरुवात बाबूच्या पिशवीतून झाली. त्याने दोन फोन काढून बाकावर ठेवले. दोन्हींच्या काचा फुटलेल्या. एकाची भेग कोपऱ्यातून निघून तिरकी वर गेलेली. दुसऱ्याची मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि कडेची पट्टी किंचित वाकलेली.

"हा पडलेला," बाबू म्हणाला. "हातातून निसटलेला फोन बहुतेक कोपऱ्यावर आपटतो. आणि हा फोडलेला. याला वरून दणका बसलाय. बापाने फोडला की पोराने, ते मी विचारत नाही."

"इचारूचा काय तेच्यात?" तात्या म्हणाले. "पोराच्या हातातलो फोन काढून घेवचो, कुलपात ठेवचो. आठ दिस बोंबलतलो, मगे गप ऱ्हवतलो."

मास्तरांना मुळात विषयच फुगवलेला वाटत होता. कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला, मुलं वर्गात येतात, वह्या पुऱ्या करतात, मग हे व्यसन दिसतं कुठे, असा त्यांचा सवाल. ताईंनी तो तिथेच अडवला. "मास्तर, आपल्याकडे पोराचा ताप बघायला एकच थर्मामीटर आहे, मार्क. मार्क उतरले नाहीत तर पोर ठणठणीत. पण आधी बिघडते ती झोप. मग चिडचिड वाढते, मग मित्र सुटतात. मार्क उतरतात ते फार शेवटी, आणि हुशार मुलाचे तर कधी कधी उतरतच नाहीत."

"बरं, मग किती तास म्हणजे व्यसन?" मास्तरांना आकडा हवा होता.

तो मिळाला नाही. तासांवरून व्यसन ठरत नाही, ताई म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. 'इंटरनेटचं व्यसन' या नावाचा आजार नाही. आणि गेमिंगच्या व्याख्येतही तास लिहिलेले नाहीत. तिथे तीन गोष्टी बघतात. ठरवून थांबता येत नाही. जेवण, झोप, शाळा, मित्र यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही चालूच राहतं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि त्याने रोजचं जगणं खरोखर अडलं, तर आजार. दिवाळीच्या सुट्टीत पोरगा चार दिवस रात्रंदिवस खेळला, तो आजार नव्हे.

"अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली डीएसएम-५ हे मानसिक आजारांचं पुस्तक काढलं. त्यातही इंटरनेट गेमिंग आहे, पण 'अजून अभ्यास हवा' असं लिहिलेल्या मागच्या भागात. नऊ लक्षणं, त्यातली पाच हवीत. आणि गंमत माहीत आहे का? हे 'इंटरनेटचं व्यसन' नाव १९९५ मध्ये आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाने चेष्टेने काढलं होतं. आजारांच्या याद्या लांबत चालल्यात म्हणून त्याने एक खोटा आजार लिहिला, तर लोक म्हणायला लागले, अहो, हा मला आहे."

"म्हणजे मस्करीची कुस्करी," बाबू म्हणाला.

"तीन वर्षांत गंभीर झाली. १९९८ साली किंबर्ली यंग यांची वीस प्रश्नांची चाचणी आली, ती अजून वापरतात. शंभरपैकी गुण. पण मी पालकांच्या हातात ती आधी देत नाही. वीसही प्रश्न नेटबद्दलच. उत्तर येतं ते नेटबद्दलच येणार."

ताई आधी एसडीक्यू देतात. ही १९९७ मध्ये रॉबर्ट गुडमन यांनी केलेली पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली. त्यात मोबाइलचं नावही नाही. पाच-पाच प्रश्नांचे पाच गट: भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, चंचलपणा, सवंगड्यांशी जमणं-न जमणं, आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती. प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन. पहिल्या चार गटांची बेरीज चाळीसपैकी. मुलाने स्वतः भरली आणि वीस किंवा वर आली, तर थांबून बघायचं. आईबापाने भरली तर सतरालाच.

मास्तरांनी लगेच पकडलं. "एकाच पोराला दोन मोजपट्ट्या?"

"कारण दोघांना दिसतं ते वेगळं. उलट बोलणं, दार आपटणं, खोटं सांगणं हे आईला दिसतं. पोटात गोळा येणं, रात्री रडू येणं, आपण कुणालाच नको आहोत असं वाटणं हे मूलच सांगू शकतं. दोन कागद शेजारी ठेवले की कधी कधी आईच्या कागदावर 'वर्तन' भरलेलं आणि मुलाच्या कागदावर 'भावनिक' भरलेलं असतं. आई म्हणते पोर उर्मट झालंय. पोर म्हणतं मला भीती वाटते. फोन दोघांच्या मधे असतो, म्हणून शिव्या त्याला."

मुलींचं त्याहून अवघड, असं त्या म्हणाल्या, आणि इथे आबांनीही मान हलवली. मुलगा गेम खेळताना ओरडतो, शेजाऱ्यालाही ऐकू जातं. मुलगी पांघरुणात आवाज बंद करून दुसऱ्यांचे फोटो बघत असते, आपला फोटो टाकून तीन मिनिटांनी काढत असते. घरचे म्हणतात, आमचं चेडू गरीब हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गरीब म्हणून कुणी बघतच नाही.

तात्यांना हे सगळं वळसे घालणं वाटत होतं. "ताई, तुमी सांगतास तां बरोबर आसात. पण फोनान पोर बिघाडला की बिघाडलेला पोर फोनाक चिकाटला, ह्यां माका सांगा."

मला वाटतं, संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. उत्तर आबांनी दिलं, तेही खाडीचं. भरतीला समुद्राचं पाणी खाडीत वर चढतं, पावसात नदीचं पाणी खाली उतरतं. मधे उभं राहून ओंजळ भरली तर खारं किती नि गोडं किती, कसं सांगणार? सकाळी एक, दुपारी दुसरं.

ताईंना ते इतकं पटलं की त्यांनी पिशवीतून पेन काढून लिहून घेतलं. बहुतेक अभ्यास म्हणजे एकाच दिवशी भरलेली ओंजळ, त्या म्हणाल्या. ज्या मुलांचा नेट वापर जास्त त्यांच्यात उदासी, चिंता, मारामाऱ्या जास्त, एवढं त्यातून दिसतं. आधी कोण ते दिसत नाही. एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये लाखो मुलांची आकडेवारी तपासली, तर मुलांच्या बऱ्या-वाईट वाटण्यातला जेमतेम ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळत होता.

"झालं तर मग!" मास्तर म्हणाले. "मी तेच म्हणतोय. अर्धा टक्कासुद्धा नाही."

"सरासरी आहे ती, मास्तर. गणित तुम्ही शिकवता. गुडघाभर सरासरी खोलीच्या खाडीतही माणूस बुडतो. शंभरातल्या नव्वदांना काही होत नसेल आणि पाचांचं आयुष्य अडलं असेल, तर सरासरी लहानच येणार. माझ्याकडे ते पाचच येतात." शंभर, नव्वद, पाच हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, असंही त्या लगेच म्हणाल्या. मास्तर गप्प झाले, पण मानले असं दिसलं नाही.

मग पोरं थांबत का नाहीत, यावर आबा बोलले. आबा तसे कमी बोलतात. "रापण ओढतो तेव्हा दोन्ही दोर काठाला येतात, जाळ्याची पिशवी, खोला, येतो, मासे वाटले जातात, माणूस घरी जातो. संपलं की संपलं. गरी, म्हणजे गळ, तशी नाही. एक टाकली, काही नाही. दुसरी टाकली, काही नाही. पाचव्याला तांबोशी लागली की पुढच्या पन्नास टाकल्या जातात. अंधार पडला तरी माणूस खडकावरून उठत नाही. लागलीच नाही तर उठेल. रोज लागली तरी उठेल. कधीतरी लागते म्हणून उठत नाही."

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून हेच सांगितलं होतं: बक्षीस कितव्या वेळी मिळेल हे ठरलेलं नसलं की सवय सगळ्यात चिवट होते. रील वर सरकवणं म्हणजे गरी टाकणं. त्यात पानाला शेवटही ठेवलेला नाही. खाली सरकत राहा, नवं येत राहतं, ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन याने काढली आणि पुढे तिच्याबद्दल त्यालाच पस्तावा झाला. पूर्वी 'पुढचं पान' असं बटण दाबावं लागायचं. तेवढ्यात माणूस घड्याळ बघायचा.

बाबूने इथे जी गोष्ट काढली ती कुठल्या पुस्तकात नसेल. "तुम्ही सगळे रात्री जागतात म्हणता. का जागतात ते मी सांगतो. रोजचा दीड जीबीचा पॅक. कोटा नवा होतो रात्री बारा वाजता. आदल्या दिवसाचा उरला तर फुकट गेला. म्हणून पोरगा साडेअकराला उरलेला संपवतो, आणि बाराला नवा आला की तो चाखून बघतो. बारा ते दीड ही माझ्या गिऱ्हाइकांची पीक अवर. आणि नुसता डेटा मोजून उपयोग नाही. व्हिडिओत दीड जीबी दोन-तीन तासांत जातो, पण गेमला तासाला शंभरेक एमबीत भागतं. बाप म्हणतो, डेटा उरलाय म्हणजे पोराने फोन बघितला नाही. पोरगा पाच तास खेळलेला असतो."

मास्तरांनी बाकावर बोटाने हिशेब मांडला. दीडला झोप, पावणेसातची गाडी, म्हणजे पावणेसहाला उठणं. सव्वाचार तास. या वयात झोप हवी आठ ते दहा तास. आठच धरली तरी रोज पावणेचार तासांची तूट, पाच दिवसांत पावणेएकोणीस. "म्हणजे आठवड्यातल्या दोन रात्रींहून जास्त झोप गेलीच."

"आणि दोन रात्री न झोपलेला मोठा माणूस कसा वागतो?" ताई म्हणाल्या. "चिडतो, विसरतो, ऐकत नाही, रडवेला होतो. एसडीक्यूचे बरेच प्रश्न एवढ्यानेच भरतात. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. त्यांना दहाला खरंच झोप येत नाही. म्हणून मी व्यसनाचं नंतर बघते. आधी झोप."

तात्यांनी पुन्हा कुलूप काढलं. आता ताई सरळ नडल्या. कुलूप आठ दिवस टिकत नाही, तिसऱ्या दिवशी उघडतं. बंदी घातली की पहिले काही दिवस आरडाओरड वाढते. ती वाढणारच. तीन दिवस पोरगा जेवत नाही, आजी कळवळते, मुंबईहून बाप फोनवर आईलाच झापतो, फोन परत दिला जातो. पोरगा काय शिकला? तीन दिवस टिकलं की मिळतो. पुढच्या वेळी चार दिवस टिकेल. आईबापच गरी झाले, कधी देतात, कधी देत नाहीत.

"मगे करूचा काय? आरती ओवाळूची?"

काय करायचं ते ताईंनी सांगितलं, आणि तात्या खवळले. भांडण चालू असताना नियम करायचा नाही. निवांत रविवारी, पोटात अन्न असताना, पोराला समोर बसवून करायचा. एकच नियम: रात्रीचा फोन झोपायच्या खोलीत नाही, ओटीवर चार्जिंगला. घरातल्या सगळ्यांचे फोन तिथेच, बापाचा पण. गजराचं साधं घड्याळ आणायचं, नाहीतर 'गजरासाठी हवा' म्हणून फोन दुसऱ्या रात्री परत उशाशी. दिवसाच्या वापराला पहिले दहा दिवस हात लावायचा नाही. आणि पहिल्या दिवशी दहा वाजता ठेव असं म्हणायचं नाही. दीडला ठेवतोस ना, मग सव्वाला ठेव. तीन दिवसांनी एकला.

"सव्वा वाजेपर्यंत परवानगी?" तात्या उठून उभे राहिले. "तुमी डागतर की पोरांचे वकील?"

मास्तर मात्र मोजत होते. दीड ते साडेदहा म्हणजे तीन तास. पाव तासाच्या बारा पायऱ्या, प्रत्येकी तीन दिवस, छत्तीस दिवस. "तात्या, बसा. तुमचं कुलूप तीन दिवसांत उघडतं. हे छत्तीस दिवसांत साडेदहावर येतंय. घाट उतरताना तुम्ही एकदम ब्रेक दाबायचात का?"

तात्या बसले. एसटीचा दाखला काढला की ते बसतात, हे कट्ट्याला ठाऊक आहे.

यात बिघडतं कुठे तेही आलं. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपू दिलं की आठवड्याची घडी मोडते. सुट्टीला तासाभरापेक्षा जास्त उशीर नको. सकाळी उठल्यावर वीस मिनिटं पडवीत किंवा खळ्यात बसवायचं. पावसाळी आभाळाचा उजेडही घरातल्या दिव्याहून कितीतरी जास्त असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यानेच लागतं. दुपारी शाळेतून येऊन तीन तास झोपला तर रात्रीचं सगळं मुसळ केरात.

बाबूला वाटत होतं की एवढ्या कसरतीपेक्षा फोनमध्येच कुलूप घालावं. आणि मग त्याने स्वतःच ते कुलूप कसं फुटतं ते सांगितलं; प्रामाणिक माणूस. अँड्रॉइडमधल्या डिजिटल वेलबीइंगचा टायमर ज्याचा फोन तोच बंद करू शकतो, तो मोठ्यांच्या स्वतःच्या शिस्तीला ठीक. मुलासाठी फॅमिली लिंक, पण मुलाच्या वयाचं खातं काढून. जन्मसाल खोटं टाकून आधीच मोठ्यांचं खातं काढलेलं असेल तर अर्धा दिवस तिथेच जातो. मग पोरं अॅपचं जुळं करतात, दुसरी स्पेस उघडतात, अॅप बंद असलं तर तेच ब्राउझरमध्ये लावतात, शेजारच्याचा हॉटस्पॉट घेतात. सगळ्यात मोठी वाट म्हणजे आजीचा फोन. त्याला ना पासवर्ड ना टायमर.

"चालतात त्या बारीकसारीक गोष्टी," तो म्हणाला. "कॉल आणि घरच्यांचे मेसेज सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद. यूट्यूबची वॉच हिस्ट्री बंद करून जुनी पुसली की पहिल्या पानावर काही येतच नाही, शोधेल तेच दिसतं. ऑटोप्ले बंद. रात्री नवानंतर स्क्रीन काळीपांढरी. पोराला सांगून करायचं. चोरून केलं तर तो माझ्याकडेच येतो, काका, हे काढून द्या म्हणून."

ताईंनी एक गोष्ट जोडली, ती तंत्राची नव्हती. अचानक फोनला चिकटलेला किंवा अचानक फोनला घाबरायला लागलेला पोरगा असेल तर आधी पैसे आणि धमकी बघायची. पैशांचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झालेत, पण बाहेरच्या साइट आणि लिंका फिरतातच. आईच्या यूपीआयच्या नोंदी मागे जाऊन बघायच्या, पन्नास-शंभरच्या बारीक रकमा ओळीने गेल्यात का. दुसरं, कुणी उघडे फोटो मागवून मग त्यावर पैसे उकळतंय का. असं असेल तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, १९३० वर तक्रार करायची. त्या पोराला 'तुझी अक्कल कुठे गेली होती' हे वाक्य त्या दिवशी ऐकवायचं नाही. नंतरही नाही ऐकवलं तर बरं.

एवढ्यात तात्या सहज बोलून गेले, "इतक्या झाला तर सरळ रत्नागिरीक न्हेवचा." प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे, त्यामुळे आपल्याकडे गावाचं नावच शिवीसारखं वापरतात. ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "या वाक्यामुळे माझ्याकडे पोरं सहा महिने उशिरा येतात, तात्या. ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक आहे, दहा ते एकोणीस वयासाठी, फुकट. ओरोसला सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. घरातून हलायचं नसेल तर १४४१६ लावा, टेली-मानस, चोवीस तास, मराठीत बोलतात. बंगळूरला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेत तर २०१४ पासून याच विषयाचं वेगळं क्लिनिक चालतं. हे वेड नव्हे. आणि व्यसन सोडवणारी गोळी म्हणाल तर तशी नाहीच. खाली डिप्रेशन असेल, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास, असेल, तर त्याला औषध असतं. ते सावरलं की फोन बऱ्याचदा आपोआप सैल होतो."

कुणी काही बोललं नाही. चहा आला. मग त्यांनीच हळू आवाजात पुढचं सांगितलं. फोन काढला तर जीव देईन असं पोरगं म्हणालं तर 'नाटक करतोय' म्हणायचं नाही. सरळ विचारायचं, मरावंसं वाटतं का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि आंब्याच्या फवारणीची औषधं मांगरात, बागेतल्या खोपीत, उघडी ठेवलेली असतात, ती कुलपात घालायची.

"कुलूप थयसर वापरा, तात्या," आबा म्हणाले. तात्यांनी मान डोलावली.

शेवटचा वाद फोनच्या जागी काय, यावर झाला. 'मैदानावर पाठवा' हे मास्तरांचं उत्तर जुलैत चालत नाही. मैदानावर गुडघाभर पाणी. वाडीत त्या वयाची दोन पोरं उरलीत, एक याच्याशी बोलत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणसाला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडल्याचं समाधान, काहीतरी जमतंय ही जाणीव, आणि आपली माणसं. गेम या तिन्ही देतो, तेही पंधरा मिनिटांत. चित्रकलेची वही आणि रंग आणून दिले तर त्यात तिन्हीतलं एकच असतं, म्हणून ती वही कपाटात जाते.

"भजनाची डबलबारी," आबा म्हणाले. पखवाज शिकायला जमतंय-नाही जमतंय रोज कळतं, समोरच्या बुवाला उत्तर द्यायचं असतं, दहा माणसं सोबत असतात, आणि तालीम रात्री नऊ ते अकराच्या त्याच मोकळ्या वेळेत होते. मास्तरांनी शंका काढली की अकरानंतर पोरगा झोपेल का. ताई म्हणाल्या, एकच्या पायरीवर असेल तर चालेल; साडेदहाच्या पायरीवर आला की बुवांना सांगून त्याला लवकर सोडायचं. एका पोराला दशावताराच्या पेटाऱ्याशी बसून मुकुट डागडुजी करायला आवडेल, दुसऱ्याला नाही. चार रकान्यांची वही ठेवायची: फोन कधी घेतला, त्याआधी काय झालं होतं, फोनवर काय केलं, ठेवल्यावर कसं वाटलं. सात दिवस, पोराने स्वतः लिहायची, आईने वाचायची नाही. दुसऱ्या रकान्यात वारंवार 'काही नाही, बसलो होतो' आलं तर कंटाळा, आणि 'बाबांचा फोन आला होता' आलं तर वेगळंच.

मास्तर ती वही वर्गात करून घेणार म्हणाले. ताईंनी सांगितलं, मार्क देणार नसाल तरच.

गाडीचा हॉर्न ऐकू आला, ताई छत्री उघडून धावल्या. तात्या बाबूकडे सरकले. "काय रे, तो बारा वाजता नवो होता तो पॅक. तसो नसलेलो पॅक गावता काय?"

"असतो ना. सगळा डेटा एकदम, रोजचा कोटा नाही. बाराला काही उगवत नाही, संपवायची घाई नाही. पॅकमध्ये अमर्याद फाइव्ह-जी असेल आणि टॉवरखाली राहत असेल, त्याला मात्र उपयोग नाही. आणि वायफाय असेल तर विसराच."

"आमच्याकडे खयचो टॉवर? दोन काड्या येतत, त्याव माडार चढलास तर." तात्यांनी खिसा चाचपला. "माझ्या फोनार मारून दी. झिलान रातचो माझोच घेतलेलो असता."